‘बट’च्या आधीचं

तीसेक वर्षं मी लोकांना ‘तुमचं म्हणणं माझ्या लक्षात आलं’ एवढं एकच वाक्य इंग्रजीत बोलायला शिकवलं. ऐकणाऱ्याला वाटतं, मास्तर थट्टा करून राहिले. थट्टा नाही. नांदेडला माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता आणि आठवड्यातले दोन दिवस मी लातूरला जाऊन शिकवायचो. काळ, शब्द, उच्चार हे कुणीही शिकवतं, आता तर मोबाईलच शिकवतो. मी शिकवायचो ते जरा वेगळं होतं. समोरचा आपल्या विरुद्ध बोलत असताना आपण काय बोलायचं, ते. त्यासाठी इंग्रजीत पाच-पंचवीस ठरलेली वाक्यं आहेत आणि ती पाठ करायला एक दुपार पुरते. ती मनापासून म्हणायला किती काळ लागतो, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता क्लास बंद आहे. घसा कायमचा बसलाय. डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा. बायको म्हणाली, मी लग्नापासून हेच सांगून राहिले. या अंकाचे संपादक माझे जुने विद्यार्थी. त्यांचा फोन आला, सर, तुमच्या यशस्वी विद्यार्थ्यांवर लिहा. मी हो म्हणालो आणि लिहितोय दुसरंच. यशस्वी विद्यार्थी आपापल्या घरी सुखात आहेत, त्यांना माझ्या लेखाची काय गरज?

क्लासला कोण यायचं? नायगाव, बिलोली, मुदखेडकडची पोरं-पोरी सगळ्यात जास्त. डिग्री हातात, मुलाखत तोंडावर आणि इंग्रजी म्हणलं की घशाला कोरड. शिवाय नर्सिंगच्या मुली, औषधाच्या कंपनीचे एजंट, एखादा डॉक्टर. एक निवृत्त तहसीलदार यायचे. त्यांच्या मुलानं केरळची बायको केली होती आणि सुनेशी भांडायला यांच्याकडे भाषाच नव्हती. चार महिने मन लावून शिकले. शेवटी म्हणाले, गुरुजी, भांडणापुरतं आलं, पण आता भांडावंसंच वाटेना, पोरगी चांगली आहे. असा विद्यार्थी दहा वर्षांतून एखादाच मिळतो.

बाकीच्यांना हवं असायचं ग्रुप डिस्कशन. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपनीवाले सात-आठ पोरांना गोल बसवतात, एक विषय देतात आणि आपण कोपऱ्यात बसून बघतात. कोण किती बोलतो हे बघतात, त्याहून जास्त बघतात ते कोण दुसऱ्याचं ऐकतो. आमची पोरं गोलात बसली की दोनच गोष्टी व्हायच्या. एकतर भांडण, नाहीतर शरणागती. मधला रस्ता म्हणून काही नाहीच.

यात पोरांचा काय दोष? आमच्याकडे बोलण्याची रीतच तशी. बरोबरीच्याला आपण म्हणतो, ‘गप ए, तुला काय कळतंय’. मोठ्याला म्हणतो, ‘हाव, बरोबर हाय तुमचं’. आणि मोठ्याला बरोबर म्हणलं की मामला संपला. त्याच्यापुढे ‘पण’ लावला तर पोरगं उलटून बोलतं, असं गावभर होतं. इंग्रजीत सगळा कारभार नेमका उलटा. तिथं आधी म्हणायचं, ‘आय सी युवर पॉइंट’, मग श्वास घ्यायचा, आणि मग म्हणायचं ‘बट’. बरोबर आहे म्हणणं ही तिथं सुरुवात, आमच्याकडे तो शेवट. माझी सगळी मास्तरकी या दोन्हींच्या मधल्या फटीत गेली.

बिलोलीकडचा एक माधव होता. भौतिकशास्त्रात पहिला. डोकं असं की मी त्याला प्रश्न विचारायला घाबरायचो. सरावाच्या डिस्कशनमध्ये त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा एक जण काहीतरी अगदीच खुळ्यासारखं बोलला. माधव म्हणाला, ‘यू आर राईट’, आणि हाताची घडी घालून बसून राहिला. मी विचारलं, अरे, तुला पटलं का ते? म्हणे, नाही पटलं सर. मग राईट कामून म्हणलास? तर म्हणाला, मोठा हाय ना तो, आणि एकदा राईट म्हणल्यावर परत बट म्हणायला तोंड कसं उघडावं? मी पुष्कळ घोकून घेतलं त्याच्याकडून. खऱ्या मुलाखतीत त्यानं पुन्हा तेच केलं. शेजारच्याला राईट म्हणाला आणि गप बसला. कंपनीनं शेजारच्याला घेतलं. माधवचं आता ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, चांगलं चालतं. बसस्टँडवर भेटला की लांबूनच हात करून ओरडतो, ‘यू आर राईट, सर!’ तो हसतो, मीही हसतो. माझं हसणं तेवढं खरं नसतं.

लातूरला एक अप्पा होते. मूळचे उदगीरचे, घरात कानडी, बाजारात मराठी, आडत दुकानात हिंदी. डाळीचा व्यापार. साठीला आलेले, कपाळावर विभूती, पांढरं स्वच्छ धोतर. मद्रासकडचे खरेदीदार फोनवर इंग्रजीत बोलतात म्हणून क्लासला आले. अप्पांचा स्वभाव असा की समोरच्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं, तसं ‘आपलं खरं आहे’ हे वाक्य द्यायचंच. मी त्यांना शिकवलं, ‘यू आर राईट, सर’. ते त्यांना फार आवडलं. पुढे एका खरेदीदारानं फोन केला की तुमच्या तुरीच्या डाळीत तुकडा फार आहे. अप्पांच्या डाळीत तुकडा नव्हता, हे अख्ख्या लातूरच्या बाजाराला माहीत. पण माणूस रागात आहे, आधी त्याला निवू द्यावं म्हणून अप्पा म्हणाले, यू आर राईट, सर. तो आणखी बोलला, यांनी आणखी राईट म्हणलं. असं पाच-सहा वेळा. मग अप्पा आपली बाजू मांडायला लागणार, तर त्यानं फोनच ठेवला. कबुली मिळाली ना त्याला! ट्रक भरून माल परत आला.

अप्पा दुसऱ्या दिवशी क्लासला आले, कुणावर चिडले नाहीत. बाकावर टेकत म्हणाले, ‘सर, तुमच्या इंग्रजीत माणसाला मान दिला तर तो गुन्हा कबूल केल्यासारखं धरतात का हो?’ मी त्यांना नीट समजावलं. मान द्यायला ‘तुमची अडचण कळली’ एवढं पुरे, बरोबर आहे म्हणायची गरज नाही. अप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, आपलं खरं आहे. त्यांना पटलं होतं की खुर्ची दिली होती, कोण जाणे.

अशा एकेका अनुभवातून मी क्लासचा एक नियम काढला. वाक्यं पाठ करणं बंद. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. पहिल्यानं आपलं म्हणणं सांगायचं. दुसऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, इतकं नीट की पहिल्यानं मान डोलवून म्हणावं, ‘येस, हेच मला म्हणायचं होतं’. त्यानं येस म्हणेपर्यंत दुसऱ्याला ‘बट’ म्हणायची परवानगी नाही. ज्याचं म्हणणं त्याच्याच हाती निकाल, माझ्याही हाती नाही. विषयसुद्धा पुस्तकातले नकोत. मोबाईल चांगला की वाईट असल्या विषयावर कुणाचं रक्त तापत नाही. घरातलं खरं भांडण आणायचं. पोरं सुरुवातीला बेजार व्हायची. समोरच्याचं त्याला पटेल असं सांगणं म्हणजे काय यातना असतात, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. या नियमाचा मला गर्व होता, आजही थोडा आहे. फक्त एका रविवारी मला त्याची भीती वाटली, ती गोष्ट सांगायलाच बसलोय.

सुवर्णा नायगावच्या पुढच्या एका खेड्यातली. घरची शेती बरी, पाण्याची, खाऊनपिऊन सुखी. आई जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. थोरला भाऊ आणि भावजय शेतातल्या घरात राहायला गेलेले, गावातल्या घरात ही आणि वडील. कॉम्प्युटरची डिग्री झाली होती. पुण्याच्या एका कंपनीनं फोनवर मुलाखत घेतली, काम पसंत पडलं, आता पुण्याला येऊन गोलात बसायचं आणि तिथंच रुजू व्हायचं, एवढंच उरलेलं. गोलासाठी म्हणून ती माझ्या रविवारच्या बॅचला यायची. वडील सोबत. दत्तराव त्यांचं नाव. नायगावपर्यंत मोटारसायकल, पुढे एसटी. क्लास चालू असताना ते शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे. बाहेर ऊन, आत पंखा, असं त्यांचं कारण. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पण ऐकायचे मात्र सगळं, आणि मधल्या सुट्टीत मला गाठून बोलत सुटायचे. पाऊस, हळद, गुडघा, सुनेच्या भाजीत तिखट कमी पडतं, काहीही. मला वाटायचं, बोलका माणूस आहे.

सुवर्णाच्या नोकरीला त्यांनी नाही म्हणलं नव्हतं. ते ‘बघू’ म्हणाले होते. आमच्याकडचा ‘बघू’ काय असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं, बघू म्हणणाऱ्याशी कसं भांडणार? आणि पोरगी अशी हट्टी की म्हणायची, आबांनी तोंडानं हाव म्हणल्याशिवाय मी पुण्याला पाय ठेवणार नाही. पळून गेल्यासारखं जायचं नाही मला. कंपनीनं कळवायला मुदत दिली होती, ती जवळ येऊन राहिली होती.

मग एका रविवारी तिनं नियमाप्रमाणे आपलं घरचं भांडण आणलं. वर्गासमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझा विरोधक मागच्या बाकावर बसलाय. वर्ग हसला. दत्तरावही हसले, त्यांना वाटलं काहीतरी विनोद झाला. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि सगळा खेळ समजावून सांगितला. ती तुमचं म्हणणं इंग्रजीत सांगेल, मी तुम्हाला मराठीत सांगेन, तुम्हाला पटलं तर हाव म्हणा. तुम्ही हाव म्हणल्यावर ती बट म्हणणार, म्हणजे पण, आणि मग तिचं सांगणार. दत्तराव म्हणाले, ठीक हाय की, त्यात काय.

तिनं सांगितलं, माझ्या वडलांना वाटतं मोठ्या शहरात मुलगी सुरक्षित नसते. मी ते मराठीत सांगितलं. दत्तरावांनी विचार केला आणि मान हलवली. न्हाई, हे माझं म्हणणं न्हाई, आपल्या गावच्या चार पोरी हायत तिथं, मजेत हायत. नियम म्हणजे नियम. तिचं ‘बट’ राहिलं. पुढच्या रविवारी ती म्हणाली, वडलांना गावात लोक काय म्हणतील याची काळजी आहे. ते म्हणाले, लोकं काय, म्हणूनच राहिले, न्हाई, हे बी न्हाई. त्याच्या पुढच्या खेपेला लग्न आलं. पोरगी कमवायला लागली की स्थळं कशी येतील, हे. दत्तराव म्हणाले, लगीन होईल की, नोकरीवालीला उलट लवकर होतं. न्हाई.

वर्ग चिडला. उदगीरची एक तोंडाळ मुलगी होती, ती मला म्हणाली, सर, काका मुद्दाम करून राहिले. जोवर ते नाही म्हणतात तोवर हिला बोलताच येत नाही, आणि तारीख निघून जाते. मला ते पटलं. माझाच नियम हाती धरून एका शेतकऱ्यानं माझा क्लास बंद पाडला होता. तीस वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं! कंपनीतल्या माणसाला, वकिलाला, तहसीलदाराला सुचलं नव्हतं. ज्याच्या हातात निकाल त्यानं ‘तू मला समजूनच घेतलं नाहीस’ एवढं म्हणत राहायचं, बस. समोरचा जन्मभर पाठ करत बसतो.

मी त्यांना चहाच्या टपरीवर नेलं आणि सरळ विचारलं, दत्तराव, मग तुमचं म्हणणं आहे तरी काय? त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, ‘ते तिनं सांगायचं हाय ना सर? तुमचाच नियम.’ मी रागावलो, म्हणालो, पोरीचं नुकसान होईल अशानं. ते बशी तशीच हातात धरून बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा शंका आली की हा माणूस लबाडी करत नाहीये. याला स्वतःलाच सापडत नाहीये.

ज्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवायचं होतं, तो रविवार उजाडला. मी ठरवूनच आलो होतो. सुवर्णाला म्हणालो, आज नियम राहू दे, सरळ तुझं सांग, मी मराठीत करून सांगतो. ती म्हणाली, ‘नाही सर. नियमानंच.’ चेहरा रात्रभर जागल्यासारखा. वर्गासमोर उभी राहिली, वडलांकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघून बोलायला लागली. इंग्रजी साधं, एकेक वाक्य वेगळं. मी दत्तरावांजवळ बसलो होतो, पण भाषांतर करायचं विसरून नुसता ऐकत राहिलो. ती थांबली. दत्तरावांनी माझ्या गुडघ्याला हात लावला.

‘सांगा की सर. काय म्हणली?’

मी सांगितलं. ती म्हणाली होती, माझ्या वडलांना पुण्याची भीती नाही. ते सकाळी उठतात आणि मला वार विचारतात, वार त्यांना ठाऊक असतो. पेपरातले बाजारभाव मोठ्यानं वाचतात, ते मला ऐकू जावेत म्हणून. आई गेल्यापासून ते माझ्याशीच बोलतात, बाकी सगळ्यांशी नुसतं कामाचं. मी गेले की ताटावर बसल्यावर त्यांना एक शब्द बोलायला माणूस नसेल. बापानं पोरीला असं सांगायचं नसतं, म्हणून ते बघू म्हणतात.

दत्तरावांनी ऐकलं. मांडीवरची टोपी उचलली, डोक्याला घातली आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, गेला माणूस. बाहेर व्हरांड्यात माठ होता, तिथं ग्लासाचा आवाज झाला. मग ते परत आले आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, ‘हाव. हे माझं म्हणणं हाय. मला बी आत्ताच कळालं.’

वर्गानं सुटकेचा श्वास सोडला. उदगीरच्या मुलीनं तर टाळी वाजवली. आता सुवर्णाची पाळी. मी तिला खूण केली. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डोळे भरून आले. मग म्हणाली, ‘दॅट्स ऑल, सर’, आणि जागेवर जाऊन बसली.

मघाशी भीती म्हणलो ती ही. समोरच्याचं इतकं पुरतं कळलं की आपलं बोलायला जीभच उचलत नाही, असंही होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी माधवची चूक दुरुस्त करायला म्हणून नियम काढला, आणि माझा नियम पुरता शिकलेली पोरगी माधवसारखीच हाताची घडी घालून बसली होती. मला तिथंच खडू टाकून घरी निघून जावंसं वाटलं. इतकी वर्षं घसा फोडला तो काय यासाठी? जे ऐकायला शिकतात तेच शेवटी गप बसतात, आणि ज्यांनी ऐकायला पाहिजे ते क्लासला येतच नाहीत. मनात हेच चालू होतं, आणि दारातून आवाज आला.

‘बसली कामून?’

सुवर्णा म्हणाली, झालं माझं, आबा.

‘झालं कसं?’ दत्तराव म्हणाले. ‘इतके रविवार मी बघून राहिलो ना. पहिल्यानं दुसऱ्याचं सांगायचं, मग बट. तुझं बट कुठंय?’

तिनं मान खाली घालून नुसती हलवली. दत्तराव दारातून आत आले, तिच्या बाकापाशी उभे राहिले. मोठ्यानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज अगदी खाली.

‘उठ माय. बट म्हण.’

ती उठायला तयार नव्हती. त्यांनी परत म्हणलं, म्हण की. मग ती उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, ‘बट’. त्यापुढे ती बरंच बोलली, सावकाश, न अडखळता. मी भाषांतर करायला पुढं झालो तर दत्तरावांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला, राहू द्या म्हणून. त्यांना इंग्रजीतला तेवढा एकच शब्द येत होता. बाकीचं ते पोरीच्या तोंडाकडे बघून ऐकत होते. तिचं बोलणं संपल्यावर म्हणाले, हाव, जा.

सुवर्णा पुण्याला गेली. माझ्या क्लासचं यश म्हणून हे संपादकांना चालेल. पण पुढच्या रविवारी मी दार उघडलं तर दत्तराव पायरीवर बसलेले. एकटेच. इकडं बाजाराचं काम होतं म्हणाले. बाजार रविवारी बंद असतो, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. आत आले, शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले. तिनं जे सांगितलं होतं ते शब्दाशब्दानं खरं होतं. घरात बोलायला माणूस नव्हता, म्हणून तो मोटारसायकल आणि एसटी करून अशा ठिकाणी येत होता जिथं निदान दुसरी माणसं एकमेकांशी बोलतात. मी त्यांना कधी विचारलं नाही की कशाला येता. एखादं पोरगं समोरच्याचं म्हणणं सांगून पुढं अडखळलं, की मागून शांतपणे आवाज यायचा, ‘बट म्हण की’. पोरांना त्याची सवय झाली. मलाही झाली.

मग माझा घसा बिघडला. पोरं कमी होत गेली, मोबाईलवर आता आवाज बोलतो आणि तो थकत नाही. मी क्लास बंद करायचं ठरवलं आणि एका रविवारी सगळ्यांना सांगून टाकलं. घसा, वय, डॉक्टर, सगळं सांगितलं. पोरांनी ऐकून घेतलं. एकेक जण उठून म्हणाला, बरोबर आहे सर, तुमचं बरोबर आहे, आराम करा आता. फार प्रेमानं म्हणाली पोरं. मी खडूचा डबा बंद केला, आणि शेवटच्या बाकावरून दत्तराव म्हणाले, ‘बट?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बटच्या पुढचं मला काही सापडलं नाही.